‘नो ग्रोथ’ लिहिण्याआधी: लॅबमध्ये हिमोफिलस पकडायचा कसा

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आठ महिन्यांच्या एका बाळाचं पाठीतलं पाणी रात्री उशिरा लॅबमध्ये आलं. ड्यूटीवरच्या मुलानं नमुना नीट राहावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी मी ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार या जंतू वाढवायच्या प्लेट लावल्या. चॉकलेट अगार संपलं होतं, म्हणून लावलं नाही. ग्रॅम स्टेनमध्ये पू-पेशी भरपूर होत्या, जंतू मला दिसले नाहीत. दोन दिवसांनी मी ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट दिला. आमच्या वरिष्ठ टेक्निशियन ताईंनी तीच स्लाइड पुन्हा लावली, दहा मिनिटं शांतपणे पाहिली आणि मला बोलावलं. पेशींच्या गुलाबी पसाऱ्यात तितकेच गुलाबी, बारीक, आखूड दांडके होते. बाळ वाचलं, पण त्याला ऐकू येईनासं झालं. रिपोर्ट बरोबर आला असता तर कान वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्या ‘नो ग्रोथ’ खाली सही माझी होती, आणि जंतू नमुन्यात होता.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा असा जंतू आहे. त्याला हवं ते मिळालं नाही तर तो उगवत नाही, आणि त्याचा रिपोर्ट निर्जंतुक नमुन्याच्या रिपोर्टसारखाच दिसतो. म्हणून डीएमएलटी करणाऱ्यांसाठी, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि मायक्रोबायोलॉजीच्या निवासी डॉक्टरांसाठी नमुना हातात येण्यापासून रिपोर्टपर्यंतची सगळी रीत इथे क्रमानं लिहीत आहे.

आधी ओळख

हिमोफिलस म्हणजे रक्ताची आवड असणारा. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात हा जंतू पाहिला आणि फ्लू यानेच होतो असं मानलं. १९३३ मध्ये फ्लूचा विषाणू सापडला आणि तो समज मोडला, पण ‘इन्फ्लुएन्झी’ हे नाव जंतूला कायमचं चिकटलं. आजही नातेवाईक विचारतात, “म्हणजे फ्लू झालाय का?” त्यांना नीट सांगावं लागतं की या जंतूचा आणि फ्लूचा संबंध फक्त नावापुरता आहे.

१९३१ मध्ये मार्गारेट पिटमन यांनी दाखवलं की काही जातींवर साखरेचं आवरण असतं आणि त्या आवरणावरून ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा प्रकार पडतात. लहान मुलांमधला मेंदूज्वर, घशातल्या झाकणाची सूज म्हणजे एपिग्लॉटायटिस, गालाची किंवा डोळ्याभोवतीची सेल्युलायटिस म्हणजे त्वचेखालचा संसर्ग आणि सांध्यातला पू यांच्यामागे मुख्यतः ‘बी’ प्रकार असतो. यालाच हिब म्हणतात. ज्यांच्यावर आवरण नसतं त्यांना नॉन-टायपेबल म्हणतात. ते अनेक निरोगी लोकांच्या नाका-घशात राहतात आणि कान फुटणं, सायनस, सीओपीडीच्या म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाचा दम अचानक वाढणं असे आजार करतात. नवजात बाळाच्या रक्तातही ते सापडू शकतात.

हिब साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात जास्त का गाठतो? जन्मानंतर काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाला सांभाळतात. ती ओसरतात तेव्हा बाळाची स्वतःची तयार झालेली नसतात, आणि त्या मधल्या काळात हिब शिरतो. आपल्या पेंटाव्हॅलंट लसीत हिबचा भाग यासाठीच आहे. भारतात सरकारी लसीकरणात ती डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. लसीमुळे हिब कमी झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण लॅबच्या बाजूनं एक धोका वाढला. जो जंतू क्वचित दिसतो तो ओळखण्याची नजर मंद होते. शिवाय ही लस नॉन-टायपेबल जातींविरुद्ध काम करत नाही.

पायरी पहिली: नमुना

सीएसएफ, म्हणजे पाठीतलं पाणी, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. थंडीनं आणि कोरडेपणानं हिमोफिलस मरतो. नमुना आला की लगेच लावा. तसं शक्य नसेल तर खोलीच्या तापमानाला ठेवा, किंवा इन्क्युबेटरमध्ये. वॉर्डातल्या सिस्टरांना हे एकदा प्रत्यक्ष जाऊन सांगा, भिंतीवरचा कागद कोणी वाचत नाही. एकच ट्यूब आली असेल तर ती आधी मायक्रोबायोलॉजीकडे यावी. निर्जंतुक हातानं थोडं पाणी काढून घ्यायचं आणि उरलेलं बायोकेमिस्ट्रीला द्यायचं. उलट क्रमानं केलं तर कल्चरला आलेला नमुना आधीच दूषित झालेला असू शकतो.

मेंदूज्वराच्या बाळाचं रक्तही कल्चरला मागा. हिब रक्तातून मेंदूत जातो, त्यामुळे पाठीतल्या पाण्यात नाही मिळाला तरी रक्तात मिळू शकतो. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्त घेतलं तर उत्तम. मात्र नमुन्यासाठी औषध थांबवून ठेवायचं नाही.

एक सूचना जिवावरची आहे. एपिग्लॉटायटिसचा संशय असेल, म्हणजे मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, श्वासाला आवाज येतोय, तर घशातून स्वॅब घेऊ नका आणि कोणी मागितला तरी घ्यायला लावू नका. घशाला हात लागला की श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो. आधी भूलतज्ज्ञ आणि श्वासाची वाट, मग रक्ताचं कल्चर.

बेडका घ्यायचा असेल तर पू-पेशी जास्त आणि तोंडातल्या चपट्या पेशी कमी असलेलाच घ्या. नुसत्या घशाच्या स्वॅबमध्ये हिमोफिलस मिळाला तर त्यावरून काही ठरत नाही, कारण तो तिथे राहतोच.

पायरी दुसरी: ग्रॅम स्टेन

सीएसएफ एक मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर सेंट्रिफ्यूज करा आणि खालच्या गाळाची स्लाइड आणि कल्चर लावा. कमी असेल तर फिरवण्यात वेळ घालवू नका, तसंच लावा.

मी चुकले ती जागा ही. सॅफ्रानिननं हिमोफिलस फिका रंगतो आणि प्रथिनांनी भरलेल्या नमुन्याची पार्श्वभूमीही गुलाबीच असते. म्हणून शेवटचा रंग म्हणून सॅफ्रानिनऐवजी पातळ केलेलं कार्बोल फ्युक्सिन वापरा आणि एक ते दोन मिनिटं ठेवा. जंतू ठळक दिसतात. दुसरा उपाय म्हणजे शेजारी एक स्लाइड मिथिलीन ब्लूनं रंगवणं. निळ्या दांडक्यांवर नजर लवकर ठरते. शंका असेल तेव्हा मी आजही दोन्ही करते.

दिसतं काय? आखूड, जवळजवळ गोल वाटणारे दांडके, आणि त्यांच्यातच मधूनमधून लांब धाग्यासारखे. एकाच स्लाइडवर अशी वेगवेगळी रूपं दिसली की हिमोफिलस मनात यायलाच हवा. अर्धवट रंग धुतला गेला तर हेच न्यूमोकोकस वाटू शकतात, विशेषतः जोडीनं पडलेले असतील तेव्हा. प्रत्येक बॅचबरोबर माहीत असलेल्या जंतूंची कंट्रोल स्लाइड रंगवा. किमान दहा मिनिटं बघा. पू-पेशी भरपूर आहेत आणि जंतू नाहीत, हा निष्कर्ष लिहिण्याआधी स्लाइड दुसऱ्याला दाखवा.

पायरी तिसरी: चॉकलेट अगार

हिमोफिलस इन्फ्लुएन्झीला दोन गोष्टी लागतात. एक्स घटक म्हणजे हिमिन आणि व्ही घटक म्हणजे एनएडी. दोन्ही तांबड्या पेशींच्या आत असतात. साध्या ब्लड अगारमध्ये पेशी अखंड असतात, त्यामुळे व्ही घटक बाहेर येत नाही. जो थोडाफार येतो तो मेंढीच्या रक्तातलं एनएडी तोडणारं एन्झाइम संपवून टाकतं. म्हणून आपल्याकडच्या नेहमीच्या ब्लड अगारवर हा जंतू उगवत नाही. रक्त तापवलं की पेशी फुटतात, दोन्ही घटक मोकळे होतात आणि ते एन्झाइम निकामी होतं. ‘चॉकलेट’ हे नाव फक्त रंगावरून आलं.

विकतच्या प्लेट मिळत असतील तर घ्या. घरी बनवायच्या असतील तर अशा: ब्लड अगार बेस ऑटोक्लेव्ह करा आणि सुमारे ५० अंशांपर्यंत निवू द्या. त्यात फायब्रिन काढलेलं मेंढीचं रक्त ५ ते १० टक्के घाला. मग फ्लास्क ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून हलक्या हातानं फिरवत राहा. साधारण दहा मिनिटांत रंग लालवरून तपकिरी होतो. रंग एकसारखा झाला की बाहेर काढा, थोडं निवलं की ओता. हलवताना फेस होऊ देऊ नका. आणि जास्त तापवू नका, व्ही घटकाला उष्णता सोसत नाही. रंग छान आला पण जंतू उगवला नाही, असं होतं ते यामुळेच.

रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरायची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. त्यात सायट्रेट असतं, दात्याची प्रतिपिंडं असतात, कधी त्यानं घेतलेलं अँटिबायोटिकही असतं, आणि हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका राहतो तो वेगळा.

प्रत्येक बॅचवर माहीत असलेला हिमोफिलस लावून बघा. उगवला तर ती बॅच वापरायची, नाहीतर टाकून द्यायची. ही एक गोष्ट नियमानं केली तर निम्मे खोटे ‘नो ग्रोथ’ थांबतील, असं माझं ठाम मत आहे.

बेडक्यासाठी आणि घशा-नाकातल्या नमुन्यांसाठी बॅसिट्रॅसिन घातलेलं चॉकलेट अगार वापरा. इतर ग्राम पॉझिटिव्ह गर्दी दबते आणि हिमोफिलस वर येतो. या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या पेनिसिलिनवरच्या मूळ लेखात त्याचा एक उपयोग हाच सांगितला होता: पेनिसिलिन बाकीच्यांना दाबतं, या जंतूला फारसं नाही, म्हणून गर्दीतून तो वेगळा काढता येतो. जगाला वाचवणारं औषध आधी हिमोफिलस शोधायला मदत करत होतं.

पायरी चौथी: प्लेट लावणं

सीएसएफसाठी चॉकलेट अगार, मेंढीचं ब्लड अगार, मॅकॉन्की आणि एक ब्रॉथ लावा. आता ब्लड अगारवर एक साधी युक्ती करा. नमुना पसरवल्यावर त्यावरून स्टॅफिलोकोकस ऑरियसची एकच सरळ रेघ ओढा. स्टॅफ वाढताना एनएडी सोडतो आणि त्याच्या हिमोलिसिसमुळे हिमिनही मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी रेघेच्या दोन्ही बाजूंना दवबिंदूंसारख्या बारीक कॉलनी दिसतील आणि रेघेपासून दूर काहीच नसेल. याला सॅटेलाइटिझम म्हणतात. चॉकलेट अगार संपलेलं असेल तेव्हा ही युक्ती अब्रू वाचवते. माझ्याकडे त्या रात्री स्टॅफचा स्ट्रेन होता, फक्त मला हे सुचलं नाही.

प्लेट ३५ ते ३७ अंशांवर, ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. तसा इन्क्युबेटर नसेल तर कॅन्डल जार चालते. तिच्यात साधारण ३ टक्के मिळतो. साधी पांढरी मेणबत्ती लावा, सुगंधी नको. आत ओला कापूस ठेवा, कारण या जंतूला ओलावा लागतो. १८ ते २४ तासांनी पहिल्यांदा बघा आणि सीएसएफच्या प्लेट ७२ तासांपर्यंत टाकू नका.

ब्लड कल्चरच्या बाटलीत रुग्णाचंच रक्त असल्यामुळे एक्स आणि व्ही घटक तिथे मिळतात आणि जंतू वाढतो. घोटाळा पुढे होतो. मशीननं पॉझिटिव्ह दाखवलं, ग्रॅममध्ये काही कळलं नाही, सबकल्चर फक्त ब्लड अगार आणि मॅकॉन्कीवर केलं, काही उगवलं नाही, आणि ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसला. पॉझिटिव्ह बाटलीचं सबकल्चर चॉकलेट अगारवर झालंच पाहिजे. हातानं चालवायच्या बाटल्यांचंही, त्या गढूळ दिसोत वा न दिसोत.

पायरी पाचवी: ओळख पटवणं

चॉकलेट अगारवर एक ते दोन मिलिमीटरच्या, करड्या, अर्धपारदर्शक कॉलनी येतात. आवरण असलेल्या जाती जरा मोठ्या आणि ओलसर, चिकट दिसतात. पुस्तकात वासाचं वर्णन असतं, पण प्लेट नाकाजवळ नेऊ नका.

मग एक्स-व्ही डिस्क. नियम साधा आहे, चुका मात्र नेहमी इथेच होतात. कॉलनी सलाइनमध्ये घ्या, पण लूपबरोबर चॉकलेट अगारचा कण येऊ देऊ नका. न्यूट्रिएंट अगार किंवा ट्रिप्टिक सॉय अगारवर एकसारखा थर पसरवा. एक्स आणि व्ही डिस्क एकमेकींपासून एक-दोन सेंटिमीटरवर ठेवा, एक्स-व्ही एकत्र असलेली तिसरी डिस्क दूर ठेवा. रात्रभर कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून सकाळी वाचा.

फक्त एकत्र डिस्कभोवती, किंवा एक्स आणि व्हीच्या मधल्या जागेत वाढ असेल तर हिमोफिलस इन्फ्लुएन्झी किंवा त्याचा जवळचा भाऊबंद. व्हीभोवती आणि एकत्र डिस्कभोवती वाढ असेल तर हिमोफिलस पॅराइन्फ्लुएन्झी. सगळ्या प्लेटभर वाढ असेल तर एकतर तो हिमोफिलस नाही किंवा तुमच्या अगारमध्येच हे घटक आलेले आहेत. एक्स डिस्कभोवती वाढणारा म्हणजे हिमोफिलस ड्युक्रेयी, पण तो सीएसएफमधून तुमच्या प्लेटवर येणार नाही. त्याचा आजार जननेंद्रियावरचा दुखरा, मऊ व्रण. त्याला वेगळं माध्यम आणि ३३ अंशांचं तापमान लागतं, आणि निदानासाठी पीसीआर जास्त भरवशाचं.

चूक कुठे होते? चॉकलेट अगारचा बारीक कण बरोबर आला तर त्यातलं हिमिन पुरतं आणि इन्फ्लुएन्झी फक्त व्हीवर वाढल्यासारखा दिसतो. मग तो पॅराइन्फ्लुएन्झी म्हणून रिपोर्टला जातो. हे टाळायला पॉर्फिरिन टेस्ट आहे. डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिडच्या द्रावणात भरपूर कॉलनी घाला, ३५-३७ अंशांवर चार तास ठेवा आणि अंधारात वूड्स लॅम्पखाली बघा. लाल चमक आली तर जंतू हिम (म्हणजे एक्स घटक) स्वतः बनवतो, म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झी. चमक नसेल तर त्याला एक्स घटक बाहेरून लागतो, म्हणजे इन्फ्लुएन्झीकडे जा. अगारमधल्या हिमिनचा या टेस्टवर परिणाम होत नाही. माझ्या मते डिस्कपेक्षा ही जास्त विश्वासाची आहे आणि लहान लॅबलाही जमण्यासारखी आहे.

बेडक्यातून आलेल्या जातींत हिमोफिलस हिमोलिटिकस फसवतो. त्यालाही दोन्ही घटक लागतात. घोड्याच्या रक्ताच्या अगारवर तो हिमोलिसिस दाखवतो, पण काही जाती तेही दाखवत नाहीत. इन्डोल, युरिएज आणि ऑर्निथिन या तीन टेस्टवरून इन्फ्लुएन्झीचे आठ बायोटाइप पडतात. रोजच्या उपचाराला त्याचा उपयोग नाही, साथ किंवा अभ्यास असेल तर जरूर करा.

सीएसएफ किंवा रक्तातून आलेल्या प्रत्येक जातीचा सिरोटाइप, म्हणजे आवरणाचा ‘ए’ ते ‘एफ’ प्रकार, मात्र काढायलाच हवा, स्वतःकडे सोय नसेल तर संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवून. स्लाइडवर ॲग्लुटिनेशन करताना शेजारी नुसत्या सलाइनचा थेंब ठेवा. तिथेही गुठळ्या झाल्या तर निकाल वाचू नका. लस घेतलेल्या मुलात हिब सापडणं ही माहिती आरोग्य खात्यापर्यंत जायला हवी, आणि प्रकार न काढता ती जाऊच शकत नाही.

पायरी सहावी: औषधांची टेस्ट

ओळख पटली की लगेच नायट्रोसेफिननं बीटा-लॅक्टमेज, म्हणजे पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम, बघा. पिवळ्याचा लाल झाला तर ॲम्पिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन चालणार नाही. हा निकाल काही मिनिटांत मिळतो, तो फोनवर सांगा. निगेटिव्ह आला म्हणून ॲम्पिसिलिन चालेलच असं नाही. काही जाती हे एन्झाइम न बनवता पेशीभित्तिकेचं एक प्रथिन बदलून प्रतिकार करतात.

डिस्क टेस्ट साध्या म्युलर-हिंटनवर होत नाही, जंतू उगवणारच नाही. चॉकलेट अगारवर करू नका, तिथले झोन (डिस्कभोवतीची वाढ नसलेली जागा) कोणत्याही तक्त्याशी जुळत नाहीत. सीएलएसआय आणि युकास्ट या औषधांच्या टेस्टचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी आणि युरोपी संस्था. सीएलएसआयसाठी हिमोफिलस टेस्ट मीडियम आहे, युकास्टसाठी घोड्याचं रक्त आणि एनएडी घातलेलं म्युलर-हिंटन. मीडियम एकाचं आणि तक्ता दुसऱ्याचा, असं कधीही करू नका. गढूळपणा ०.५ मॅकफारलंड, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, १६ ते १८ तास, आणि बरोबर कंट्रोल स्ट्रेन. युकास्टच्या रीतीत पेनिसिलिन १ युनिटची डिस्क चाळणी म्हणून लावतात. झोन १२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर बीटा-लॅक्टम प्रतिकार नाही असं धरता येतं.

सीएसएफच्या रिपोर्टवर तोंडी औषधं लिहू नका. सीएलएसआयनुसार ॲम्पिसिलिन, तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि मेरोपेनेम एवढीच द्यायची.

पायरी सातवी: फोन आणि रिपोर्ट

ग्रॅममध्ये हिमोफिलससारखे जंतू दिसताच वॉर्डला फोन करा, प्लेटची वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञ सहसा सेफ्ट्रियाक्झोन आधीच सुरू करतात. डेक्सामेथासोन मात्र पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबर दिलं तर हिब मेंदूज्वरात बहिरेपण कमी होतं, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. हिब असेल आणि घरात चार वर्षांखालचं, लस अपुरी राहिलेलं दुसरं मूल असेल तर घरातल्यांना रिफाम्पिसिन द्यायचं का, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. ते तुमच्या फोनवर अवलंबून असतं.

स्ट्रेन जपून ठेवा. प्लेटवर तो काही दिवसांतच मरतो आणि फ्रिजमध्ये तर अजून लवकर, म्हणून ओळख पटल्याच्याच दिवशी स्किम मिल्क किंवा ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांवर टाका.

बाळाला नमुन्याआधीच अँटिबायोटिक मिळालं असेल तर प्लेट रिकामी राहू शकते. अशा वेळी उरलेलं सीएसएफ टाकू नका. जंतूच्या आवरणाचे अंश शोधणारी लॅटेक्स टेस्ट करता येते, पण ई. कोलायच्या के१०० जातीशी ती चुकीची जुळू शकते हे लक्षात ठेवा. पीसीआरसाठी पाठवायचं सीएसएफ मात्र गोठवूनच ठेवा, कारण तिथे जंतू जिवंत असण्याची गरज नसते. आणि रिपोर्टवर नुसतं ‘नो ग्रोथ’ लिहू नका. असं लिहा: पू-पेशी भरपूर, ग्रॅम निगेटिव्ह आखूड दांडके दिसले, नमुना अँटिबायोटिकनंतर घेतलेला, चॉकलेट अगारवर ७२ तासांत वाढ नाही, पीसीआरसाठी नमुना राखून ठेवला आहे.